शनिवारचं घर

चंडीगड,
२४ नोव्हेंबर १९९६

ती. शैलाताईस सा. न. वि. वि.

आधी तक्रार, कुशल नंतर. दिवाळीच्या पार्सलावर तू माझ्या नावामागे 'प्रोफेसर' लावलंस. मी रीडर आहे. हे तुला ठाऊक आहे, आमच्या कुलसचिवांना ठाऊक आहे आणि सेक्टर चौदाच्या पोस्टमनला तर अकरा वर्षं ठाऊक आहे. त्याने ते पार्सल दोन्ही हातांनी माझ्या स्वाधीन केलं आणि शेजारच्या भौतिकशास्त्रवाल्यांच्या देखत मिठाई मागितली. मी त्याला दारातच लेक्चरर, रीडर, प्रोफेसर ही चढण समजावून सांगितली. सगळं शांतपणे ऐकून तो म्हणाला, "तो फिर कब बनोगे, साहब जी?" तुझ्या चार करंज्या देऊन मी सुटलो. जे पद आपलं नाही त्याची मिठाई वाटावी लागणं ही नामुष्की आहे, आणि तिची जबाबदारी सर्वस्वी वाईच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंवर आहे.

बाकी फराळ उत्तम. मधुवंतीने "शैला आत्या की चकली बेस्ट है" असं जाहीर केलंय. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने हिंदीत उत्तर द्यायचं असा आमच्या घरात करार आहे. बारा वर्षांच्या मुलीकडून याहून बऱ्या अटी मिळत नाहीत.

आता बातमी. बसून वाच. मी छत्राकांच्या नादी लागलो आहे. आमच्या स्मृतिकारांनी जी लसूण-कांद्याच्या पंगतीत बसवून द्विजांना वर्ज्य केली, तीच ती. मराठीत अळंबी, इथे खुंब, आणि लग्नाच्या पत्रावळीत मटर-मशरूम. पूर्वी इथल्या लग्नांत पनीर असलं की लोक तृप्त होत. आता घरोघरी केबल आली, बाजारात नवी हॉटेलं आली, आणि मशरूम नसेल तर वरपक्ष नाराज होतो म्हणे. सांगायचं म्हणजे खप चांगला आहे.

हे माझ्या बायकोमुळे कसं झालं ते सांगतो. विनया इथल्या वैद्यकीय संस्थेत माणसांना होणाऱ्या बुरशीवर काम करते. यंदा पावसाळ्यात मनीमाजऱ्याच्या पलीकडच्या एका गावातून सुरजीत कौर नावाच्या बाई नवऱ्याच्या कानाची तक्रार घेऊन आल्या. सारं गाव त्यांना बीजी म्हणतं. कान बरा झाला. बीजी विनयाला म्हणाल्या, "डॉक्टर साब, आपको फफूंद का इतना पता है, तो खुंब का भी होगा." विनयाने परोपरीने सांगितलं की माझी बुरशी वेगळी. बीजींना तो फरक क्षुल्लक वाटला. शेवटी विनयाने शेतकी खात्यात ओळख काढून गावातल्या सहा बायकांना शिक्षण मिळवून दिलं. मी फक्त स्कूटर चालवत गेलो होतो. तिथे अर्ज लिहायला कुणी नव्हतं, म्हणून संध्याकाळी परतलो तो सेक्रेटरी होऊन.

खुंब कशासाठी, ते आता. इथे गावाला पिंड म्हणतात. पहिल्या वर्षी तो शब्द ऐकून मी दचकत असे. गेल्या वैशाखात लग्नाहून येणारी या पिंडातली ट्रॅक्टर-ट्रॉली कालव्यात उलटली. तीन मुलं पोरकी झाली. दोघे भाऊ आजीकडे राहिले. तिसरी निम्मो, वय वर्षं नऊ, तिला कुणीच उरलं नाही. शहरातून एक साहेब तिला अनाथाश्रमात न्यायला आले, तर बीजी दारात उभ्या राहिल्या. "पिंड की बेटी है. पिंड में रहेगी." मग गायरानाच्या एका तुकड्यावर बांबू, सरकांड्याचं उंच गवत आणि प्लॅस्टिक यांची शेड उभी राहिली. गव्हाचं भुस्कट कुजवायचं, ते आठ वेळा उलटायचं, त्याचा वास सहन करायचा, आणि थंडीत पांढरी शुभ्र खुंब तोडून मनीमाजऱ्याच्या बाजारात पाठवायची. त्यातून तिन्ही मुलांची शाळा, कपडे, औषधपाणी.

प्रश्न राहिला निम्मोने राहायचं कुणाकडे. खायला घालायला सगळी घरं तयार, पण 'आमची' म्हणायला कुणी धजेना, कारण तिच्या बापाची थोडी जमीन आहे. जो तिला ठेवील त्याचा डोळा जमिनीवर आहे असं लोक म्हणणार. तेव्हा, ताई, तुझ्या या भावाला सुचलं. मी बीजींना सांगितलं, आमच्याकडे वाईला पाठशाळेत बाहेरगावचा मुलगा आला की सात घरं त्याचे सात वार वाटून घेत. सोमवारी एका घरी जेवण, मंगळवारी दुसऱ्या. कुणावर भार नाही, मुलगा साऱ्या गावाचा. मी स्वतः नवव्या वर्षापासून असा वाढलो, माझं काही वाईट झालं नाही, फक्त प्रोफेसर झालो नाही.

बीजींना हे फार पटलं. आता सात घरं आहेत, जेवण आणि झोप दोन्ही तिथे, आणि अदलाबदलीच्या नियमांसह एक वही आहे, जी मी सुवाच्य अक्षरात ठेवतो. महिना झाला, एक तक्रार नाही. माझ्या गुरुवारच्या घराला हे कळवावं म्हणून एवढा पसारा लिहिला. काकूंना साष्टांग नमस्कार सांग. त्यांना सांग की वाईची रीत शिवालिकच्या पायथ्याशी पोचली.

तुझा,
श्याम (रीडर)


वाई,
८ डिसेंबर १९९६

चि. श्यामकांतास अनेक आशीर्वाद.

यापुढे पाकिटावर नुसतं 'श्याम' लिहीन. पोस्टमन चहा मागेल, मिठाई नाही.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तिला आता कमी ऐकू येतं, पण 'वार' हा शब्द तिने पहिल्याच खेपेला ऐकला. म्हणाली, "कुणाला लावून दिले याने वार?" मी सांगितलं, एका नऊ वर्षांच्या मुलीला. मग ती भिंतीकडे बघत पडून राहिली. तिने नमस्काराला आशीर्वाद सांगितला नाही, तर मी माझ्याकडून लिहिते आहे.

श्याम, काम चांगलं आहे. बायकांनी उभं केलं आणि गावाने मुलीला परक्यांच्या हाती दिलं नाही, याचं मला फार कौतुक वाटलं. पण छत्तीस वर्षं शाळेत काढलेली बाई आहे मी, मला प्रश्न पडतात. तिची ट्रंक कुठे असते? तिला ताप आला तर ज्या घरी वार असेल त्यांनीच जागायचं, की दुसऱ्या दिवशी ताप पुढच्या घरी जातो? वेणी कोण घालतं? सात बायका सात तऱ्हांनी भांग पाडत असतील. आणि तुझ्या त्या सुवाच्य वहीत, मुलीला विचारायचं, असं एखादं कलम आहे का?

आणखी एक. तू लिहितोस गुरुवारचं घर. गुरुवारी आमच्याकडे दत्ताचा उपास असे हे तुला कधी कळलं होतं का? दादा, आई, मी, तिघं साबुदाणा खायचो. सबंध स्वयंपाक तुझ्या एकट्यासाठी व्हायचा. तू आमच्या पायरीवर बोलावणं येईपर्यंत बसायचास, पुस्तक उघडं ठेवून. आई एकदा हाक मारायची, तू यायचा नाहीस. दुसऱ्यांदा मारली की यायचास. मला तेव्हा तुझा राग यायचा, किती भाव खातो म्हणून.

थंडी कशी आहे? विनयाला सांग, सर्दी-खोकला अंगावर काढू नकोस.

तुझी,
शैलाताई


चंडीगड,
२९ डिसेंबर १९९६

ती. शैलाताईस सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नपत्रिकेला उत्तरं देतो. सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक होते, पर्याय नव्हता.

ट्रंक नाही, पिशवी आहे. ती निम्मोबरोबर फिरते. ताप अद्याप आलेला नाही, आला तर नियम करू. वेणी तिची तीच घालते, आणि बरी घालते. राहिलं ते विचारायचं कलम. ताई, विचारण्याची गरजच पडत नाही इतकी ती समजूतदार आहे. काय खाशील विचारलं तर "कुछ भी, अंकल जी." आवडलं का? "सब अच्छा है जी." वाढलेलं संपवते, स्वतःचं ताट घासते, पांघरूण घडी करून ठेवते. बुधवारच्या घरची वंदना, फौजीची बायको, आपल्या दोन पोरांना रोज ऐकवते, "निम्मो से सीखो कुछ." मधुवंती मात्र तक्रार करते. म्हणाली, "बाबा, उसको चिढ़ाओ तो चिढ़ती ही नहीं. मज़ा नहीं आता." मी म्हटलं, याला शील म्हणतात. ती म्हणाली, "पता नहीं, मुझे तो अजीब लगता है."

उपासाचं मला खरोखर ठाऊक नव्हतं. काकूंना तेव्हा त्रास झाला असेल. पण मी भाव खात नव्हतो. दुसऱ्यांदा हाक मारेपर्यंत थांबावं, एवढंच मला बरोबर वाटे. अजूनही वाटतं. विनया सकाळी चहाला दोनदा बोलावते आणि दुसऱ्यांदा बोलावताना जे विशेषण लावते ते देत नाही. शनिवारचा मारुतीचा उपासही अजून चालू आहे. विनयाचं म्हणणं, त्या देवाला माझ्याइतका चिवट भक्त उभ्या पंजाबात नसेल.

शेडचं सांगतो. खुंबांचं पहिलं पीक जोरात आहे. आत शिरताना दाराशी चप्पल काढायची, लाल औषधाच्या पाण्यात पाय बुडवायचे आणि मगच आत. नाहीतर बाहेरची घाण आत जाऊन भलतीच बुरशी माजते. बीजी या बाबतीत सरपंचालाही सोडत नाहीत. सगळ्या पोरांचे पाय जांभळे झालेत. आत अंधार, ऊब, आणि मातीचा एक वास, वाईट नव्हे. निम्मोला ती शेड फार आवडते. शाळेतून आली की आधी तिथे जाते. मला वाटतं, तिच्यात शेतीची उपजत ओढ आहे. मोठी झाली की तिला शेतकी कॉलेजात घालावं, असं मी बीजींना सुचवून ठेवलंय.

काकू आशीर्वाद का देत नाहीत? माझ्या हातून काही चुकलं का?

तुझा,
श्याम


(पोस्टकार्ड)

वाई, २२ जानेवारी १९९७

श्याम, पुष्कळ दिवसांत पत्र नाही. आई रोज विचारते, ती पोर कशी आहे. 'ती पोर' म्हणते, नाव तिच्या लक्षात राहत नाही. मला वाटतं, तिची दोन पोरांत गल्लत होते. लिही. शैलाताई.


चंडीगड,
९ फेब्रुवारी १९९७

ती. शैलाताईस सा. न.

फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून केला नाही. निम्मो सुखरूप आहे. ते आधी वाच आणि मग पुढचं.

जानेवारीअखेर खुंबांचं पहिलं पीक संपलं. दुसऱ्या पिकाआधी शेड रिकामी करतात, आत फॉर्मेलिन फवारतात आणि दोन दिवस बंद ठेवतात. या औषधाने बुरशीचा नायनाट होतो, माणसालाही ते सोसत नाही. डोळे, घसा, छाती, सगळं जळतं. गेल्या रविवारी हे काम होतं. आम्ही तिघं गेलो होतो. बीजींचा पुतण्या मोहन तोंडाला फडकं बांधून पंप घेऊन आत गेला. पुढच्या दारापासून त्याने सुरुवात केली. विनया बाहेर उभी राहून सूचना देत होती, मी वही घेऊन उभा होतो. वहीचं तिथे काही काम नव्हतं.

मधुवंती कंटाळून शेडला वळसा घालायला गेली. मागच्या अंगाला हवा खेळायला प्लॅस्टिकचा एक पडदा आहे. ती पळत आली आणि म्हणाली, "बाबा, पीछे निम्मो की चप्पल है." मी म्हटलं, असेल, विसरली असेल. ती ओरडली, "सीधी रखी है. और साथ में ढक्कन में लाल पानी है."

डब्याच्या एका झाकणात लाल औषधाचं पाणी होतं. शेजारी चपला, जोडीने, टाचेला टाच लावून. आत जाताना पाय बुडवायचे हा बीजींचा नियम मागच्या वाटेलाही पाळता यावा, म्हणून तिने स्वतः ती सोय केली होती.

विनया माझ्याआधी धावली. तिने पडदा फाडला. शेवटच्या मांडणीच्या खालच्या फळीवर निम्मो होती, तोंडात आईच्या ओढणीचा बोळा कोंबून. खोकला येत होता आणि कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून ती तो दाबत होती. मोहन तिच्यापासून दहा-बारा हातांवर होता.

डोळे धुतले, मोकळ्या हवेत ठेवलं, मग इस्पितळात दोन दिवस. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, छाती साफ आहे. घसा काही दिवस बसलेला राहील.

फळीवर तिच्या पिशवीतलं सगळं मांडलेलं सापडलं. ताटली, कंगवा, दुसरीचं जुनं पुस्तक, बापाच्या मनगटातलं कडं. सात घरांत सामान ठेवायला जागा नव्हती असं नाही. पण रोज उचलून न्यावं लागणार नाही अशी जागा तिला ती एकच सापडली होती. शेतीची उपजत ओढ म्हणे.

तिथे काय करत होतीस, असं बीजींनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आज किसी की बारी नहीं थी."

ते खरं होतं. रविवारचं घर लग्नाला अंबाल्याला गेलं होतं. त्यांनी वंदनाच्या बुधवारशी बदली केली होती. एक आठवडा आधी कळवायचं असा नियम आहे, त्याप्रमाणे त्यांनी सेक्रेटरीला कळवलं होतं. सेक्रेटरीने वहीत लिहून घेतलं होतं. मी काल ती नोंद पाहिली. अक्षर फार छान आहे. मुलीला कोण सांगणार, हे मात्र वहीत नव्हतं. सकाळी रविवारच्या घराने निघताना तिला सांगितलं, "आज नहीं, बेटा." वंदनाच्या दाराला तेव्हा कुलूप होतं, ती बाजारात गेली होती, तासाभरात आलीही. निम्मोने कुणाला विचारलं नाही. आणि सातही घरांना वाटलं, ती दुसऱ्या कुणाकडे असेल.

तुझं ते कलमाचं वाक्य मी रोज वाचतो.

श्याम


वाई,
१८ फेब्रुवारी १९९७

चि. श्याम,

मी तुला रागावणार नाही. रागवायचं तेवढं तू स्वतःला रागावला आहेस, हे अक्षरावरून दिसतं. पहिल्यांदाच तुझ्या काना-मात्रा ओळीच्या बाहेर गेल्यात.

आईला सगळं वाचून दाखवलं. ऐकून ती उठून बसली आणि तिने मला एक गोष्ट सांगितली. मी ती पूर्वी अर्धीच ऐकली होती. तुला लिहायला तिनेच सांगितलंय.

तुझं शनिवारचं घर तू दहा वर्षांचा असतानाच सुटलं होतं. त्यांच्याकडे सून आली, घरात माणसं वाढली, त्यांनी तुला "पुढच्या शनिवारपासून बघ बाबा दुसरीकडे" असं सांगितलं. तू पाठशाळेत कुणाला बोलला नाहीस. मारुतीचा उपास धरला आहे, असं सगळ्यांना सांगितलंस. केवढं कौतुक झालं होतं तुझं, एवढासा मुलगा आणि कडक शनिवार करतो म्हणून. दादांनी मला तुझं उदाहरण दिलं होतं.

आईला हे कळलं दोन वर्षांनी, हळदीकुंकवाला ती शनिवारची काकू सहज बोलून गेली तेव्हा. आई घरी येऊन रडली. पण तुला कसं सांगणार? शनिवारीही ये म्हटलं तर तुला कळणार की आम्हाला कळलं. मानी मुलगा, गुरुवारचंही सोडेल, अशी तिला धास्ती. म्हणून तिने एक युक्ती केली. गुरुवारी तू निघालास की ती फडक्यात दोन दशम्या आणि गूळ बांधून द्यायची. दशम्या दोन-तीन दिवस टिकतात, शनिवारपर्यंत पुरतील म्हणून. आणि तुला लाजल्यासारखं होऊ नये म्हणून म्हणायची, "उरल्यात, वाटेत गाईला घाल."

तू मॅट्रिक होईपर्यंत तिने हे केलं. तिला एवढंच समाधान आहे की शनिवारी पोर उपाशी राहिलं नाही.

आता तिचं दुसरं ऐक. ती म्हणते, "आठ वर्षं तो माझ्याकडे जेवला. त्याला काय आवडतं ते मला अजून ठाऊक नाही. कधी मागून घेतलं नाही, कधी ताटात टाकलं नाही. तेवढं विचार त्याला. मला आता फार दिवस नाहीत."

विचारते आहे. नीट उत्तर दे. गंमत करू नकोस.

शैलाताई


चंडीगड,
९ मार्च १९९७

ती. शैलाताईस,

पत्राला उशीर झाला. तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा गंमत केली. ते कागद फाडले.

आधी गावचं. बीजींनी निम्मोला आपल्या घरी ठेवून घेतलंय. कायमची. वही मी त्यांच्याकडे दिली होती. ती त्यांनी चुलीजवळ ठेवली आहे. पुढे काय होईल ते उघड आहे. जमिनीबद्दल लोक बोलतील, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "बोलने दो. बोलने वाले कौन सा रोटी देते हैं." जमीन निम्मोच्याच नावावर राहील, असं पंचायतीपुढे लिहून झालंय. तो अर्ज मी लिहिला. तेवढाच माझा उपयोग. बाकीची सहा घरं तुटली नाहीत. त्यांच्या बायका शेडमध्ये आळीपाळीने येतात, आणि निम्मोने कुणाकडे जावं न जावं ते आता तिच्या मर्जीवर आहे. विनयाच्या मनात तिला आमच्याकडे आणायचं होतं. बीजींनी तिचे हात हातात घेतले आणि नाही म्हणाल्या. बरोबर म्हणाल्या. दुसरं पीक आलंय. निम्मोची ताटली बीजींच्या फडताळात आहे, मी बघून आलो.

आता काकूंना वाचून दाखव. मोठ्याने वाच.

काकू, त्या दशम्या मी गाईला घातल्या.

तुम्ही सांगितलं होतं, म्हणून घातल्या. घाटाच्या वाटेवर सोनाराच्या दारात एक कपिला गाय बांधलेली असे. दर गुरुवारी तिला मी दोन्ही दशम्या घातल्या, गूळही. वास यायचा. एकदा, एकदाच, एक तुकडा मोडून तोंडात टाकला, आणि गाईचं खाल्लं म्हणून दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतर एकशेआठ वेळा गायत्री म्हटली. ती दशमी माझ्यासाठी असेल, असं मला चाळीस वर्षांत एकदाही वाटलं नाही. ताईचं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात गेलो आणि विनयाला सांगितलं. ती आधी हसली. मग तिने मला खुर्चीवर बसवलं. शनिवार होता. तिने वाढलं आणि मी जेवलो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. लाल भोपळ्याची भाजी मला कधीच आवडली नाही. तुम्ही ती वरचेवर करायचात, कारण मी ती पहिल्यांदा पुसून खाल्ली होती. मला आमसुलाचं सार आवडायचं. ते तुम्ही वाटीत एकदाच वाढायचात आणि मला आणखी हवं असायचं. आणि भाकरीचा वरचा पापुद्रा, थोडा करपलेला. तो तुम्ही ताईच्या रात्रीच्या जेवणाला काढून ठेवायचात. ताईचा मला फार हेवा वाटायचा. बस, एवढंच होतं. अवघड काहीच नव्हतं.

ताई, पुढचं तुझ्यासाठी.

वार ही रीत वाईट होती, असं मी म्हणणार नाही. तिने मला जगवलं, शिकवलं. सातातल्या एका घराने माझ्यासाठी काय केलं, ते आता कळलं. पण त्या गावात उभा राहून मी "माझं काही वाईट झालं नाही" असं सांगितलं, तेव्हा मी खोटं बोललो, आणि खोटं बोलतो आहे हे मला ठाऊकही नव्हतं. इतकी सवय झाली होती.

काल निम्मोला भेटलो. घसा सुटलाय. बीजींनी तिच्यासाठी मक्याची रोटी केली होती. मी विचारलं, "और क्या खाएगी? सच बोल." ती माझ्याकडे बघत राहिली. मी काय ऐकू इच्छितो ते शोधत होती. मला ती नजर ओळखीची आहे. मग म्हणाली, "सब अच्छा है, अंकल जी." मधुवंतीने तिच्या ताटातली लोणच्याची फोड पळवली, मुद्दाम, भांडावं म्हणून. निम्मोने दुसरी फोडही तिच्यापुढे सरकवली.

मला हे सांगायला वयाची त्रेपन्न वर्षं लागली, आणि तेही दोन म्हाताऱ्या बायांनी विचारलं म्हणून. आता तिला एक घर आहे, फडताळ आहे, कुणी उठवून दुसरीकडे पाठवत नाही. सगळे मला म्हणतात, आता काळजी नको. ती "सब अच्छा है" म्हणते, आणि मला भीती वाटते ती एवढीच, की आम्ही ते खरं मानू.

श्याम